तीनदा बांधलेलं कलम

आमचे शेजारी शांतवनकाका साळवी चाळीस वर्षं कलमं करतायत. रायवळ, म्हणजे गावठी आंब्याच्या, रोपावर हापूसची काडी बांधायची, हाच धंदा. दर रविवारी मुलगा सुहृद त्यांना स्कूटरवरून चर्चला सोडतो आणि स्वतः फाटकाबाहेर थांबतो. देव नाही, असं तो सरळ सांगतो.

गेल्या रविवारी पाहुणे उपदेशक म्हणाले, विश्वास न ठेवणाऱ्यांना देव वाळक्या फांदीसारखं तोडून टाकतो. काका खाली मान घालून बसले.

सोमवारी तेच उपदेशक कलमं घ्यायला आले. कोपऱ्यात काडी वाळलेली रोपं दिसली.

"ही फेकत का नाही?"

"काडी वाळलीय, रोप जिवंत आहे. पावसाळ्यात परत बांधायचं. हे शेजारचं बघा, तीनदा बांधलं तेव्हा पालवी फुटली."

"कमाल आहे तुमची."

काकांचा आवाज चढला. "कमाल कसली? मला साध्या कलमवाल्याला रोप फेकवत नाही, आणि देव माझ्या सुहृदला टाकून देईल म्हणता?"

उपदेशकांनी तेच पालवी फुटलेलं कलम मागितलं.

"न्या," काका म्हणाले. "तिन्ही वेळा सुहृदनेच बांधलंय."