गयाआक्काचा डावा हात

फोन दादांचा होता. दादा म्हणजे माझे थोरले दीर. ते फोनवर सहसा बोलत नाहीत. काही सांगायचं असलं तर गावाहून एसटीत बसून माजलगावला आमच्याकडे येतात, चहा पितात आणि उठता उठता सांगतात. त्यामुळे त्यांचं नाव दिसलं तेव्हाच मला कळलं. आदल्या संध्याकाळी मी बीडच्या दवाखान्यातून कपडे बदलायला घरी आले होते आणि सकाळची गाडी धरणार होते. दादा म्हणाले, "गेली." मी विचारलं, ॲम्ब्युलन्स मिळतेय का, गावाकडे कुणाला कळवलंय, तुम्ही काही खाल्लंय का. ते प्रत्येक प्रश्नाला "हाव" म्हणत राहिले. खाल्लंय का, यालाही. ते खोटं होतं, पण त्या वेळी चालून गेलं.

गयाआक्का माझी थोरली जाऊ. आम्ही दोघींनी त्या गावातल्या घरात बारा-तेरा वर्षं एका चुलीवर काढली, मग माझे मालक आणि मी माजलगावला आलो. ती गेल्यावर लोकांनी तिच्याबद्दल बरंच गोड सांगितलं. मी तिच्यासोबत राहिले आहे, म्हणून सांगते... आक्का आवाजाने मोठी, हाताने घाईची आणि भांडायला कायम तयार अशी बाई होती. दूध ठेवलं की उतू घालवायची. भाकरी एका बाजूने करपायची. धुणं अर्धं वाळत घालून ती शेजारणीशी वाद घालायला जायची आणि उरलेलं मी घालायचे. तिच्या पोटात काही राहत नसे. राग आला की गल्लीला कळायचा, आनंद झाला तरी गल्लीलाच.

अशी बाई पखवाज वाजवते म्हटल्यावर लोक हसत. "शोभतंय की, धडाधडा." तिचं माहेर धर्मापुरीचं. तिथल्या देवळात तिचे मामा भजनाला पखवाज वाजवायचे. मुलीला हात लावू देत नसत, म्हणून ती लांब बसून नुसतं बघायची आणि घरी येऊन पिठाच्या डब्यावर वाजवायची. हे आम्हाला सासरी कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या गावच्या बायकांच्या भजनी मंडळात पेटीला चंद्रकला होती आणि पखवाजाला लिंबाजीबुवा नावाचे म्हातारे गृहस्थ यायचे, कारण बायकांमध्ये तो कुणाला येत नव्हता. एका एकादशीला बुवा पाहुण्यांच्या लग्नाला गेले आणि आलेच नाहीत. बायका उठायला लागल्या. आक्काने पखवाज ओढून मांडीशी घेतला आणि मला म्हणाली, "मंगल, फराळाला साबुदाणाच हाय का कुणाच्या घरी कणीक मळलेली हाय? लिंबाएवढा गोळा आण पळत." पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, त्याशिवाय त्यातून खालचा, भरलेला आवाज निघत नाही. मी शेजारच्या शाळकरी पोरांच्या डब्याच्या कणकेतला गोळा आणला. तिने तो थापला, डाव्या तळव्याने एकदा ठोकून बघितलं, थोडी कणीक काढली, पुन्हा ठोकलं... आणि मी पहिल्यांदा त्या बाईला एखादी गोष्ट सावकाश करताना पाहिलं.

तेव्हापासून मला हा प्रश्न पडत आला की माणूस वाद्य निवडतो ते कशावरून. चंद्रकला कधी कुणाला विरोध करत नाही, पण पेटीवर तीच सूर धरते आणि सगळ्या जणी मुकाट तिच्या पट्टीत गातात. घरीही तिचं तसंच चालतं. मला टाळ दिले होते. मी वेळेवर येते, एवढंच त्याचं कारण असावं. आक्काचं मात्र लोक समजत तसं नव्हतं. घरात तिला कुठे थांबता येत नसे. पखवाजावर ती थांबायची. गाणारी पुढे पळाली तर ही पळत नसे. डाव्या हाताचा ठोका आपल्या जागी पडायचा आणि गाणारीला परत यावं लागायचं. मी एकदा तिला म्हटलं, पेटी का नाही शिकलीस, जड उचलायला नको. तर म्हणाली, "पेटीवर बोट चुकलं की हळूच दुसऱ्यावर सरकवता येतंय. कुणाला कळत न्हाई. ह्याच्यावर चुकलं की साऱ्या गावाला कळतंय. मला तसलंच पायजे. लपवायचं मला जमत न्हाई."

मग मूत्रपिंडं गेली. रक्तदाबाच्या गोळ्या ती आठवण झाली तर घ्यायची, त्याचा परिणाम. डायलिसिस सुरू झालं. तात्पुरती सोय म्हणून मानेजवळून छातीत नळी घातली. ठरलेल्या दिवशी आक्का आणि दादा गावाहून येत, दादा शेताकडे परत जात आणि मी तिला घेऊन बीडला जात असे. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं की नळीतून कधीही जंतू रक्तात जातील. डाव्या हाताची शीर आणि धमनी जोडण्याचं छोटं ऑपरेशन करा, म्हणजे सुया टोचायला हातातच कायमची जागा होईल. मात्र नंतर त्या हाताला मार नको, वजन नको.

"मार म्हंजे?" आक्काने विचारलं.

मी पखवाजाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तो बंद करावा लागेल. उजव्या हाताचं काम चालू राहील तुमचं."

"उजव्यानं नुसते बोल निघत्यात. वजन डाव्यात असतंय."

"मग पेटी शिका, मावशी. तिला जोर लागत नाही."

आक्का मोठ्याने हसली. बाहेर बाकावर बसलेले लोक आत वाकून बघायला लागले. "डॉक्टर, हळू वाजवायचं असतं तर मी हळू बोलले नसते का?"

परतीच्या एसटीत आमचं भांडण झालं. कंडक्टरने दोनदा वळून पाहिलं. मी म्हटलं, "तुला हात पाहिजे का जीव?"

"तुला टाळ सोड म्हणलं तर सोडशील का?"

"सोडीन. आत्ता, ह्या सीटवर."

"म्हणून तर तुला टाळ दिल्यात."

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. ऊस जाऊ दे, पाहुणे येऊन जाऊ दे, सप्ताह होऊ दे... छातीवरच्या नळीभोवती पदर घट्ट खोचून ती भजनाला बसत राहिली. मी चिडून काही दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. त्याचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही आणि होईल असं मलाही वाटलं नव्हतं.

गावात सप्ताह बसला. दुपारी बायकांचं भजन असायचं. मंडपात धूळ, माणसांची गर्दी, पत्र्याखाली उकाडा. तिला थंडी वाजून ताप येत होता, हे कुणालाच कळलं नाही. नंतर चंद्रकला म्हणाली, "शाल घेऊन बसली व्हती. मी म्हणलं, आक्का, एवढ्या उकाड्यात शाल कावून? तर म्हणली, गप पेटी वाजीव." डायलिसिसच्या दिवशीही तिने मला फोनवर सांगितलं की गावात पाहुणे आहेत, उद्या जाऊ. जिला आयुष्यात काही लपवता आलं नाही, तिने एवढी एकच गोष्ट लपवली आणि ती नीट लपवली. डायलिसिस एकच दिवस लांबलं, पण तोवर जंतू सगळीकडे गेले होते.

अतिदक्षता विभागात मी तिला शेवटचं पाहिलं. नळ्या ओढते म्हणून तिचे हात पट्ट्यांनी कॉटला बांधले होते. चेहरा सुजून दुसऱ्याच कुणाचा वाटत होता. आत पाच मिनिटं सोडायचे. मी तो सगळा वेळ डाव्या हाताकडे बघत होते, कारण बोटं हलतील असं मला वाटत होतं. ती हलली नाहीत. शेजारच्या कॉटवरच्या यंत्राचा आवाज एका लयीत येत होता आणि हिचा हात तसाच पालथा पडलेला. सिस्टरने वेळ झाली म्हणून सांगितलं आणि मी बाहेर आले.

दिवस झाल्यावर मी तिची ट्रंक आवरायला गावी गेले. दादांना ते जमण्यासारखं नव्हतं. लुगड्यांच्या खाली, एका जुन्या परकराच्या घडीत, मऊ रबराचा पिवळा चेंडू निघाला. असला चेंडू मी दवाखान्यात पाहिला होता. ज्यांचं हाताचं ऑपरेशन करायचं असतं त्यांना तो दाबायला सांगतात, म्हणजे शीर फुगून तयार होते. आम्ही तो कधी घेतला नव्हता. मी दादांना विचारलं.

"तिनंच आणायला लावला," ते म्हणाले. "सप्ताहाच्या आधी महिनाभर दाबीत व्हती. सप्ताह उठला की जायाचं ठरलं व्हतं. हात देऊन टाकते म्हणली एकदाचा."

"मग मला कावून सांगितलं नाही?"

दादांनी परकराची घडी पुन्हा घातली. "म्हणली, मंगलला इतक्यात सांगू नका. ती लगेच जिंकल्यावानी तोंड करंल. आधी माझा शेवटचा सप्ताह वाजवून होऊ द्या."

मी तसं तोंड केलं असतं. नक्की केलं असतं.

पखवाज देवळात दिला. लुगडी वाटली. चेंडू मी माजलगावला घेऊन आले. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, मिठाच्या बरणीशेजारी. एका बाजूला त्याच्यावर थोडी चपटी जागा झाली आहे, अंगठ्याएवढी. डाळ शिजेपर्यंत मी कधी कधी तो डाव्या हाताने दाबते. दाबला की आत जातो, सोडला की पुन्हा फुगतो. माझ्या शिरा चांगल्या आहेत. मला त्याचा काही उपयोग नाही.