तिसरी पायरी

गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५. दूध सव्वासातला. आज पाण्याचा वार नाही. दिव्या वाकडहून आली, माळ्यावरची १९८६ची वही काढून दिली. मेथीची भाजी, भाकरी. दुपारी झोप नाही.

एवढं लिहून सावित्रीबाईंनी पेनाला टोपण लावलं. झोप का नाही, हे लिहायची त्यांना सवयच नव्हती. सोलापूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मुलींना रोजनिशी लावली तेव्हाच बजावलं होतं, घडलं तेवढं लिहायचं. वाटलं ते प्रार्थनेत सांगायचं. त्याला साठ वर्षं होऊन गेली. प्रार्थना मागे पडली, रोजनिशी राहिली.

त्यांची नात दिव्या मानसशास्त्र शिकत होती. एखाद्या वयस्कर माणसाची आठवण ऐकायची आणि त्या दिवसाच्या लेखी नोंदीशी ताडून पाहायची, असं काम तिला कॉलेजनं दिलं होतं. बाकीच्या मुली नोंदी ठेवणारं माणूस शोधत हिंडत होत्या. दिव्याला पिंपळे गुरवपर्यंत यायचं होतं, एवढंच.

आठवण कोणती, हे आजीला विचारावं लागलं नाही. घरात सगळ्यांना ती पाठ होती. आजोबा, म्हणजे उद्धवराव, भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर होते. कंपनीची सुट्टी गुरुवारी, मुलांची रविवारी. त्यामुळे गुरुवारी घरात दोघंच असत, आणि तरी तो दिवस दळण, रेशन आणि पाण्याच्या पिंपांत संपून जाई. एकच गुरुवार वेगळा गेला. धाकट्याचा गोवर उतरला त्याच्या पुढच्या आठवड्यात दोघं स्कूटरवरून देहूला गेली. इंद्रायणीच्या घाटावर तिसऱ्या पायरीवर बसून उद्धवरावांनी माशांना चुरमुरे टाकले. एक मोठा काळा मासा सगळ्यांना ढकलून पुढे यायचा, तेव्हा ते म्हणाले होते, हा आमचा सुपरवायझर. उद्धवराव जाऊन नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत सावित्रीबाई कितीतरी दुपारी त्या पायरीवर जाऊन बसल्या होत्या.

त्या दुपारी दिव्यानं १९८६ची वही उघडली, ते पान शोधलं आणि वही आजीपुढे सरकवली. अक्षर सावित्रीबाईंचंच होतं, सरळ, टपोरं.

‘गुरुवार, २० फेब्रुवारी १९८६. यांनी विचारलं, देहूला येतेस का. पाणी यायचं होतं, नाही म्हटलं. एकटे गेले. पाणी साडेपाचला आलं, तीन पिंपं भरली. यांनी जेवताना माशांचं सांगितलं. उरलेले चुरमुरे भेळीला घेतले.’

सावित्रीबाईंनी पान दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा एकदा. पुढचे चार महिने चाळले. देहू कुठेही नव्हतं.

“आजी, तू खोटं नाही सांगितलंस,” दिव्या म्हणाली. “आजोबांनी सांगितलेलं तुला इतकं हवंसं वाटलं, की मनानं तुला तिथं नेऊन बसवलं. असं होतं माणसांचं.”

“मासे त्यांचे होते तर,” सावित्रीबाई म्हणाल्या. “माझी पिंपं.”

दिव्याला हे लिहून घ्यावं की नाही ते कळेना. तिनं वही मिटली आणि पुढच्या गुरुवारी आपण जाऊ या म्हणाली. यंदाही वीस फेब्रुवारी गुरुवारीच येत होती. सावित्रीबाईंनी कॅलेंडर पाहिलं. दिवसाआडच्या हिशेबानं त्या दिवशी पाणी होतं. त्या बघू म्हणाल्या.

वीस तारखेला साडेचारला दिव्या गाडी घेऊन दारात आली. सावित्रीबाई नवी साडी नेसून मोरीत उभ्या होत्या, एक हात नळावर. पाणी कधी पाचला येई, कधी सहाला. शेजारच्या रोशनबीला सांगितलं असतं तर तिनं आनंदानं भरून ठेवलं असतं, पण सावित्रीबाईंनी तिला सांगितलं नव्हतं. दिव्यानं बाहेरून विचारलं, “आजी, येतेस ना?”

तोच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत. सावित्रीबाईंनी नळाखालची बादली उचलली, भिंतीशी पालथी घातली आणि दाराला कुलूप लावलं.

घाटावर त्यांची पंचाईत झाली. तिसरी पायरी वरून की पाण्याकडून, हे त्यांनी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. आणि आता उद्धवरावांनी पायरी सांगितली होती की ती आपणच घातली, याचाही भरवसा राहिला नव्हता. शेवटी गुडघे म्हणाले तिथं त्या बसल्या. चुरमुरे टाकले. मासे आले, पुष्कळ आले, पण सगळे एकासारखे एक. त्यांत सुपरवायझर कुठला, ते दाखवायला माणूस नव्हतं. पुडी संपली तरी त्या पाण्याकडे पाहत राहिल्या.

परतल्यावर पाणी कधी आलं ते दारातच रोशनबीनं सांगितलं. हातपाय धुऊन सावित्रीबाईंनी वही उघडली. देहूला गेले, एवढं लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली.

पाणी साडेपाचला येऊन गेलं. भरलं नाही. पिंपात उद्या सकाळपुरतं आहे.