मोराचा जवाब

बारा तीर, तेराशे पंचावन्न फसली, म्हणजे ऐन मे महिना. सकाळी वारा पडलेला, दहानंतर धुळीची वावटळ, दुपारी ऊन असं की दफ्तराच्या खिडकीचा गज हाताला पोळला.

उन्हाळ्यात मी दफ्तरातले रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, सोडून कागद उन्हात टाकतो. वाळवीची भीती असते. एकेक कागद उलटा करून वीट ठेवायची, तासाभराने सुलटा करायचा. खरं तर हे काम अर्ध्या दिवसाचं. मला चार दिवस लागतात, कारण प्रत्येक कागद हातात आला की मी तो वाचतो, आणि वाचला की हसू येतं. बागेची झाडं वाढायला पाणी लागतं. बागेचे किस्से नुसत्या शाईवर वाढलेत!

पिंगळी स्टेशनापासून बैलगाडीने दीड तासावर आमच्या जहागिरीच्या दोन खासगी बागा आहेत. खरं म्हणजे बाग एकच होती. आबासाहेब सरकार वारले आणि मधोमध वाहणारा पाण्याचा पाट हद्द ठरला. पाटाच्या उत्तरेची बाग थोरल्या सरकारांची, दक्षिणेची धाकट्या सरकारांची. विहीर मात्र एकच, आणि माळीही एकच, ग्यानबा.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. पाहुण्यांच्या पंगतीत धाकटे सरकार थोरल्यांच्या झाडाची मोसंबी चाखून "औषधाला बरी आहे" म्हणाले होते. तेवढंच! त्या दिवसापासून जे काही असेल ते लेखी.

आणि लिहिणारा मी. सकाळी थोरल्यांकडे, दुपारी धाकट्यांकडे. सकाळी जे पत्र मी लिहितो, त्याचा जवाब दुपारी मीच लिहितो. पाट एका उडीत ओलांडता येतो. पण पत्र आधी जावक रजिस्टरात चढतं, मग लतीफभाई चपराशी पट्टा बांधतात, फळीवरून पलीकडे जातात आणि तिथल्या आवक रजिस्टरात ते पुन्हा चढतं. चढवणारा मीच.

०

एकदा थोरल्या सरकारांनी पत्र सांगून संपवलं आणि मला विचारलं, "मुन्शी, यावर तो काय म्हणेल?"

"सरकार, अजून दुपार झालेली नाही," मी म्हणालो.

०

धाकटे सरकार स्वभावाने मिस्कील. एकदा सकाळचं पत्र हातात धरून खूप वेळ बघत राहिले. मला वाटलं, मजकूर बोचला.

"थोरल्यांकडचा कारकून अक्षर सुरेख काढतो," ते म्हणाले. "तुम्हीही जरा तसं काढत जा."

मी "जी" म्हणालो. दुसऱ्या दिवशी थोरल्यांना हे सांगितलं, तर ते खूश झाले. म्हणाले, "शेवटी माणूस आपला आहे!"

०

थोरल्यांना चष्मा लावण्यात कमीपणा वाटतो, म्हणून पत्रं मी वाचून दाखवतो. एकदा घाईत माझ्या हातून कागद बदलला. धाकट्यांचा जवाब वाचायच्या ऐवजी मी थोरल्यांचंच आदल्या दिवशीचं पत्र वाचायला लागलो. दोन ओळी गेल्यावर चूक लक्षात आली, पण सरकार इतके तापले होते की थांबायची सोय राहिली नाही.

"काय ही भाषा! वडीलधाऱ्यांशी बोलायची ही रीत झाली? लिही! 'आपले उद्धट पत्र पावले...'"

मी लिहिलं. स्वतःच्या पत्राला त्यांनी दिलेला तो जवाब त्यांच्या आजवरच्या पत्रांत सर्वांत चांगला उतरलाय. मिसलीत, म्हणजे फायलीत, लावून ठेवलाय. पाठवला नाही.

०

लतीफभाईंचा एक कोंबडा आहे, बादशाह. दाराच्या फटीत सापडून त्याच्या उजव्या पायाचं मधलं नख गेलं, तेव्हापासून तो दफ्तराला आपलं घर समजतो. एकदा थोरल्यांचं पत्र शाई वाळायला ठेवलं होतं, बादशाह दौतीत पाय घालून त्यावरून चालत गेला. माझ्या ध्यानात यायच्या आत लतीफभाई ते पत्र घेऊन पाट ओलांडून गेले होते.

दुपारी धाकट्यांनी मला तो पंजा दाखवला. "थोरल्यांनी ही सही केव्हापासून सुरू केली?"

थोरल्यांच्या कानावर हे गेलं. रागावतील असं वाटलं होतं. ते "हूं" म्हणाले, आणि पंजा केवढा उमटला होता तेवढं विचारलं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

०

आता मोराचं प्रकरण. थोरल्यांनी एक मोर पाळला होता. दाणे उत्तरेला खायचा, आणि ढग आले की पाट ओलांडून दक्षिणेला जाऊन नाचायचा. यात थोरल्यांचा अपमान होता, आणि धाकट्यांच्या नव्या गुलाबांची नासधूस.

धाकट्यांनी लिहिलं, "आपल्या मोराने आमच्या हद्दीत नाचू नये अशी त्यास ताकीद द्यावी."

थोरल्यांनी लिहिलं, "मोरास ताकीद दिली आहे. मोराचा जवाब आल्यावर कळवू."

मी हे पत्र 'हद्दीबाबत' या मिसलीत लावलं आणि समोर शेरा मारला: जवाब क्रमांक सात, मोराकडून, येणे बाकी. पुढच्या दिवाळीच्या सुमारास मोर नदीकडे उडून गेला तो परत आला नाही. शेरा तसाच राहिला.

०

एकदा जिल्ह्याचे अधिकारी, तालुकदारसाहेब, बाग बघायला आले. कुणाच्या बाजूला बसवायचं यावर सात पत्रं झाली. शेवटी पाटावरच्या फळीवर खुर्ची टाकली. उत्तरेकडून एक हार आला, दक्षिणेकडून दुसरा. दोन्ही बाजूंनी चहा. साहेबांनी दोन्ही कप संपवले आणि घाम पुसत म्हणाले, "ये बाग है या सरहद?"

मग त्यांची नजर ग्यानबाकडे गेली. ग्यानबा पाटाचं पाणी वळवत होता, गुडघाभर चिखलात. साहेबांनी विचारलं, "तू किसका माली है?"

दोन्ही सरकारांनी मान वर केली.

ग्यानबा म्हणाला, "म्या? म्या पाण्याचा जी."

साहेब मोठ्याने हसले. सरकार हसले नाहीत.

०

ग्यानबाचं घर नेमकं पाटाच्या तोंडाशी, हद्दीवर आहे. पुढचं दार उत्तरेला, मागचं दक्षिणेला. दोन्हीकडे पाणी सोडणं सोपं जावं म्हणून आबासाहेबांनीच ते तिथे बांधून दिलं. बावीस वर्षं तो, त्याची बायको सोनाबाई आणि आता सून-नातवंडं तिथेच राहतात. दुसरी जागा नाही.

साहेब गेल्यावर थोरल्यांनी पत्र सांगितलं: हद्दीवर भिंत घालावी, माळ्याचं घर पाडावं. त्याच दुपारी धाकट्यांनीही पत्र सांगितलं: हद्दीवर भिंत घालावी, माळ्याचं घर पाडावं. एकच मजकूर दोनदा लिहायची माझ्यावर पहिल्यांदा वेळ आली! इतकी वर्षं दोघांचं एका गोष्टीवर एकमत व्हावं म्हणून मी मनात देवाला विनवत होतो. झालं ते हे.

संध्याकाळी सोनाबाई दफ्तराच्या पायरीशी आली.

"मुनशीजी, औंदा छप्पर शाकारायचं का न्हाई, तेवढं सांगा. गवत आणून ठिवलंय."

"थोडं थांबा, बाई."

"आमी थांबतो जी. पाऊस थांबंल का?"

मी घरी गेलो, जेवलो, आणि मग आठवलं ते बघायला परत दफ्तरात आलो. रजिस्टराच्या पहिल्याच पानावर आबासाहेबांच्या मोहरेचा नियम आहे: "मिसलीतील एकही जवाब येणे बाकी असेल तोवर त्या मिसलीवर अंमल करू नये. जो हा नियम मोडील त्याचा विहिरीवरील हक्क दुसऱ्या भावाकडे जाईल."

घर पाडायची दोन्ही पत्रं हद्दीबाबतच होती. ती मी 'हद्दीबाबत' याच मिसलीत लावली.

०

दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी विचारलं, "भिंतीचं काम कधी काढतोस?"

"सरकार, जवाब क्रमांक सात बाकी आहे."

"कुणाचा?"

"मोराचा."

"अरे, मोर उडून गेला!"

"जी. म्हणूनच उशीर होतोय."

दुपारी धाकट्यांनाही हेच सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलून इतके हसले की फेटा सुटला. पण नियम मोडा असं तेही म्हणाले नाहीत. मोडला असता तर विहीर थोरल्यांकडे जाणार होती!

असे चार उन्हाळे गेले. दर उन्हाळ्यात सोनाबाई तेच विचारायची, आणि मी रजिस्टर उघडून सांगायचो, "बाई, जवाब आला नाही. यंदा शाकारा."

"मोराचं भलं हू द्या," म्हणून ती जायची.

०

यंदा मात्र ती विचारायला येण्याआधीच, नऊ तीरला, लतीफभाई पट्टा बांधून माझ्यासमोर उभे राहिले. हातात बंद कव्हर, उत्तरेकडून आलेलं.

"मुन्शीजी, जवाब आया है."

"कुणाचा?"

लतीफभाई आढ्याकडे बघत म्हणाले, "वो... मोर का."

मी कव्हर फोडलं. कोऱ्या कागदावर तांबड्या शाईत एक पंजा उमटलेला. तांबडी शाई जहागिरीत एकाच ठिकाणी असते, थोरल्या सरकारांच्या कुलुपात. सोबत त्यांची चिठ्ठी: "मोराचा जवाब पावला. मिसल बंद करून उद्या भिंतीचे काम सुरू करावे."

आलेला कागद आवकेत चढवणं भाग. चढवला. पण माझी सवय अशी की दफ्तरातला कुठलाही नियम मी अर्धा वाचत नाही. उर्दू किंवा मराठी नसलेल्या कागदाला तर्जुमा, म्हणजे भाषांतर, जोडल्याशिवाय तो दाखल होत नाही. मी शेरा मारला: लिपी अपरिचित. तर्जुमा व्हावा.

दुपारी धाकट्यांनी तो कागद उलटासुलटा करून बघितला. भिंत त्यांनाही हवी होती. पण थोरल्यांची युक्ती चालू द्यायची, हे त्यांच्याच्याने होईना. त्यांनी मला लिहायला सांगितलं: "तर्जुम्यास ग्यानबा माळी योग्य. मोरास दाणे तोच घालीत असे."

थोरल्यांनी लगेच मंजुरी दिली. म्हणाले, "बोलाव त्याला. माझ्यासमोर काय बोलतो ते बघूच."

दहा तीरला सकाळी सगळे पाटाशी जमलो. थोरले उत्तरेला, धाकटे दक्षिणेला, मध्ये फळीवर मी आणि लतीफभाई. दोघा भावांमध्ये चार हातांचं अंतर, तरी बोलणं माझ्यामार्फतच.

"मुन्शी, त्यांना म्हणावं सावलीत उभं राहा, ऊन लागेल," धाकटे म्हणाले.

"मुन्शी, त्यांना म्हणावं आमची काळजी नको," थोरले म्हणाले.

ग्यानबाने हात धुऊन धोतराला पुसले आणि कागद घेतला. मागे दारात सोनाबाई गवताच्या पेंढीला टेकून उभी होती. ग्यानबा कागदाकडे बघत होता, थोरले सरकार ग्यानबाकडे.

"बोल," थोरले म्हणाले. "मोराचाच आहे ना?"

ग्यानबाने पंजाशेजारी आपला तळहात ठेवून बघितला.

"सरकार, तुमचं मीठ खाल्लंय. मोराचा पंजा माझ्या तळहातायेवढा. ह्यो कोंबड्याचा हाय."

"नीट बघ!"

"नीट बघूनच सांगायलोय जी. अन् ह्याच्या मधल्या बोटाला नख न्हाई."

पाटाच्या दोन्ही बाजूंनी सगळ्यांची तोंडं लतीफभाईंकडे वळली. लतीफभाईंनी पट्टा सारखा केला, कपाळावर हात धरून वर बघितलं आणि म्हणाले, "आज धूप बहुत है, मुन्शीजी."

त्याच वेळी बादशाह दफ्तराच्या पायरीवरून उतरून पाटावर पाणी प्यायला आला. उजवा पाय तांबडा होता.

दहा तीरची रजिस्टरातली नोंद अशी: जवाब क्रमांक सात म्हणून आलेला कागद मोराचा नसल्याने उत्तरेकडे परत. मूळ जवाब येणे बाकी. मिसल चालू. अकरा तीरला ग्यानबाचं छप्पर शाकारून झालं.