काळी पाच ते पांढरी चार

बँडमध्ये सगळे त्यांना वहिनीच म्हणत. खरं तर त्या वहिनी एकट्या बेस गिटारवाल्याच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. पण त्याचं ऐकून ड्रमवाला म्हणायला लागला, मग वहिनींपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे असलेले सॅक्सोफोनवाले काकाही. पोस्टरवर नाव व्यवस्थित छापलेलं असे, तरी संयोजक फोनवर विचारत, "वहिनी येतायत ना?"

सुरुवात भांडणातून झाली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिराचा बँड मागच्या खोलीत सराव करायचा आणि भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातले डबे थरथरायचे. एक दिवस वहिनींनी झाऱ्यानेच दार ठोठावलं.

"भावजी, वाजवा हवं तेवढं, पण तुमच्या गायकाचा एक शब्द कळेल तर शपथ!"

"मग तुम्ही म्हणून दाखवा," दीर म्हणाला.

झारा हातात ठेवूनच त्यांनी म्हणून दाखवलं. तो गायक आठवड्याभरात दुसऱ्या बँडमध्ये गेला. रुसून गेला की सुटलो म्हणून गेला, हे कोणी विचारलं नाही.

जॅझ-फंकमध्ये बेस नाचतो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन त्याला उलट उत्तरं देतात आणि गाणारीच्या वाट्याला आठ मिनिटांतली जेमतेम तीन येतात. उरलेली पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. वहिनींना गाण्यापेक्षा हेच जड गेलं. पहिल्या कार्यक्रमात काकांचा सोलो चालू असताना त्यांनी सात वेळा केस सारखे केले आणि दोनदा घड्याळ पाहिलं. घरी आल्यावर नवऱ्याने हा हिशेब दिला. तो साउंडच्या टेबलावर बसायचा आणि एकदा बटणं लावून झाली की त्याला मोजण्याखेरीज काम नसे. पुढे वहिनी शिकल्या. हातात खुळखुळा धरायचा, वजन एका पायावर टाकायचं आणि नजर वाजवणाऱ्याच्या बोटांवर ठेवायची.

दिवसा त्या चष्म्याच्या दुकानात नोकरी करत. "हल्ली छपाईच बारीक करतात मेले," असं गिऱ्हाईक म्हणालं की वहिनी "हो ना" म्हणत जरा जास्त नंबरची काच पुढे सरकवत.

त्यांचं एक गाणं खूप चाललं. पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीच्या सप्तकातली सगळ्यात वरची काळी, आणि शेवटची ओळ इतकी वर चढायची की ती येईपर्यंत लोक खुर्चीच्या कडेला सरकत. वर्षं गेली, ड्रमवाल्याचे केस गेले, काकांचे गुडघे गेले. वहिनींचा सूर मात्र जागच्या जागी आहे, असं सगळे म्हणत आणि वहिनींनाही ते पटलेलं होतं. पाच वर्षांपूर्वी दिराने दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एका मुलीला जोडीला घेऊ या म्हणून बोलावलं. मुलगी सुरेख गायली. वहिनी तिच्यादेखतच म्हणाल्या, "माझा सूर तसूभर उतरला की सांगा. त्या दिवशी मी स्वतः हिला मधला माईक देईन." दीर मान खाली घालून बेसच्या खुंट्या पिळत बसला. मुलगी आभार मानून निघून गेली.

बँडला पंचवीस वर्षं होत होती. मोठ्या हॉलमधला कार्यक्रम आठ दिवसांवर आला आणि कीबोर्डवाल्या मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात निघालं. डॉक्टरांकडे त्यांना पिटाळलं होतं वहिनींनीच. "मास्तर, कागद नाकाला लावून वाजवता. लोकांना वाटतं वास घेताय!"

बदली म्हणून एका शाळेतल्या संगीताच्या बाई आल्या. रविवारी दुपारी, ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी, स्वतःचा कीबोर्ड आणि मास्तरांची जुनी फाईल घेऊन. ते गाजलेलं गाणं काढलं. बाईंनी सुरुवात वाजवली, बाकीचे त्यांना येऊन मिळाले, आणि मांडणीवरची भांडी कोसळावीत तसा आवाज झाला.

"काळी पाच," बाई कागदावर बोट ठेवून म्हणाल्या. "इथे तसंच लिहिलंय."

"ते जुनं," ट्रम्पेटवाला बोलून गेला. "आता काळी तीन."

"म्हणजे दोन सूर खाली? कधीपासून?"

काकांनी फडकं काढलं आणि आधीच लखलखीत असलेला सॅक्सोफोन पुसायला घेतला.

"भावजी?" वहिनी म्हणाल्या.

"बारा वर्षं झाली," दीर म्हणाला. "तापातून उठल्यावर तुमचा गळा लागत नव्हता. एका दिवसापुरतं अर्धा सूर खाली घेतलं. स्टेजवरून उतरल्यावर तुम्ही म्हणालात, आज काय मोकळा लागला आवाज! मग परत वर न्यायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं."

"आणि मग?"

"मग आणखी तीनदा. अर्धा अर्धा."

"तुम्हाला ठाऊक होतं?" वहिनींनी साउंडच्या टेबलाकडे पाहिलं.

"मला पट्टीतलं काय कळतंय," नवरा म्हणाला. "पण ठाऊक होतं."

वहिनींनी आदळआपट केली नाही. "बाई, काळी पाच वाजवा," एवढंच म्हणाल्या आणि शेवटची ओळ घेतली. आवाज पाऊण वाट चढला आणि पुढे नुसती हवा आली. त्या पाणी प्यायल्या. वरचा सूर गेल्याचं दुःख एवढं नव्हतं.

"त्या मुलीसमोर मी काय बोलले होते?"

"त्याच दिवशी सांगायला हवं होतं," दीर म्हणाला.

"हवं होतं. आता माझंही ऐका. वर्षभर शेवटच्या ओळीला मी माईक लोकांसमोर धरते ना, ते काही प्रेमाने नाही. काळी तीनलासुद्धा पोचत नाही मी."

"आम्हाला वाटलं स्टाइल आहे!"

"अजून अर्धा उतरवा."

काका फडकं टाकून उठले. "पांढरी चार? अहो वहिनी, तिथे आमची बोटं झोपेतसुद्धा बरोबर पडतात! चार वर्षं मी त्या काळी तीनमध्ये काटे तुडवतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार कसं? आपण खाली उतरलोच नव्हतो ना!"

आधी बाई हसल्या, मग सगळेच. वहिनीही हसल्या, पण शेवटी. "पांढरी चारमध्ये हे एक गाणं मी म्हणते," त्या म्हणाल्या. "बाकीची त्या मुलीला."

"वहिनी, तुम्ही सोडताय?"

"गाणं कोण सोडतंय? मधला माईक सोडतेय. शब्द दिला होता."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दुकानातून दातांच्या दवाखान्यात फोन लावला. ओळख सांगून म्हणाल्या, "मी तेव्हा तुला खोटं सांगितलं. खोटं आहे हे मला माहीत नव्हतं, पण त्याने तुझी पाच वर्षं परत येत नाहीत."

पलीकडे एका पेशंटला "तोंड उघडंच ठेवा" असं सांगितल्याचं ऐकू आलं. मग मुलगी म्हणाली, "आता माझा सराव नाही राहिला. विचार करून सांगते."

"कर की विचार. फक्त सरावाला येऊन कर."

ती दुसऱ्या दिवशी आली.

कार्यक्रमात वहिनींनी आपलं गाणं म्हटलं. शेवटच्या ओळीला माईक तोंडापाशीच ठेवला आणि ओळ पोचली. वर्षभराच्या सवयीने गायला सरसावलेले काही लोक जरा हिरमुसले. टाळ्या थांबल्यावर त्यांनी मुलीला पुढे बोलावून मधला माईक तिच्या उंचीला लावून दिला आणि स्वतः खुळखुळा घेऊन कडेला गेल्या.

मुलीने पहिलं कडवं म्हटलं. काकांचा सोलो सुरू झाला. तो लांबत चालला तशी ती हळूच मागे सरकून वहिनींच्या कानाशी आली.

"वहिनी, आता मी काय करू?"

"काही नाही. केसांना हात लावू नकोस. काकांच्या बोटांकडे बघ."