सात बायकांचं एक खातं

"हे खातं आज सहाच्या आत बंद करून टाक," विनय सर फोनवर म्हणाले. "सिस्टीमनंच खोटं ठरवलंय."

सकाळचे अकरा वाजले होते. मी म्हणाले, "सर, एकदा बघते."

"बघायचं काय त्यात? एकच माणूस आता एक बोलतो, चार मिनिटांनी उलटं बोलतो. मराठीत टोमणा, कन्नडमध्ये आशीर्वाद. बॉट आहे तो."

बॉट म्हणजे माणसासारखं लिहिणारं यंत्र. माझं आणि सरांचं बोलणं हिंदीत होतं, इथं मराठीत सांगते.

मी मॉडरेटर आहे. कंपनी हैदराबादची, मी सीमाभागातल्या भालकी गावात घरातल्या पुढच्या खोलीत बसून काम करते. एका व्हिडिओच्या ॲपवर प्रत्येक वेबसिरीजला एक फॅन क्लब जोडलेला असतो. लोक तिथं वाद घालतात, स्वतःच्या गाण्यांचे व्हिडिओ टाकतात. कुणी हद्द सोडली असं वाटलं की बाकीचे त्याचा 'रिपोर्ट' करतात, म्हणजे तक्रार करतात. त्या तक्रारी माझ्यासमोर रांगेत येतात. कुणाची कॉमेंट ठेवायची, कुणाची काढायची, कुणाला हाकलायचं, हे मी ठरवते. मराठी, कन्नड, हिंदी आणि आमच्याकडची दखनी, चारही येतात म्हणून मला घेतलं. माझे वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी न विचारताही सांगते. वडील मात्र अजून विचारतात, "दिवसभर लोकांची भांडणं वाचायला पगार देतात व्हय?"

तर त्या आठवड्याचं भांडण एका संगीतमय सिरीजवरून होतं. नवरा-बायको दोघंही गवई. बायको जास्त चांगलं गाते. नवऱ्याचं मन त्यामुळं खचत जातं. सातव्या भागात ती तंबोऱ्याला कापडी गवसणी घालते आणि गाणं सोडते. मागे बासरी. नवरा रडतो आणि पुढच्याच मैफलीत बाजी मारतो. सिरीजवाल्यांनी त्या गवसणीचं पोस्टर काढलं, वर मोठ्या अक्षरात 'त्याग'.

फॅन क्लबचे दोन तट पडले. एक म्हणे, बाई असावी तर अशी. दुसरा म्हणे, हा तर तिच्यावर अन्याय, आणि सिरीजवाले त्याची आरती ओवाळतात. पहिल्या तटाचा पुढारी 'सूरवेडा' नावाचा एक गृहस्थ होता. त्यानं लिहिलं, 'घरासाठी सूर सोडणं हाच सर्वांत मोठा सूर.' त्याच्यामागं नायकाचे फोटो लावलेली पोरं ढिगानं होती.

सरांनी बंद करायला सांगितलेल्या खात्याचं नाव 'अक्कन बळग'. आमच्याकडं बसवण्णांना मानणाऱ्या घरातल्या बायका एकत्र जमून वचनं, म्हणजे भक्तिपदं, गातात, त्या मंडळाला अक्कन बळग म्हणतात. आम्ही बौद्ध, पण शेजार त्यांचा. मला नाव बघूनच थोडी शंका आली होती, की हे एकट्याचं खातं नसावं. सूरवेड्याच्या त्या ओळीखाली या खात्यावरून काय काय आलं होतं बघा.

'सोडलं तर सोडलं, घर तरी सावरलं तिनं. संसारात एकानं खाली बसावंच लागतंय.'

चार मिनिटांनी: 'दरवेळी बाईनंच कामून?' कामून म्हणजे का.

लगेच: 'त्या पोरीला डोकं न्हाई. साडी मात्र चांगली हाय.'

मग कन्नडमध्ये, देव त्या मुलीचं भलं करो, अशा अर्थाचं.

मग सूरवेड्याला उद्देशून: 'तुमी सोडा की ओ दादा तुमचं काय तरी. आमी काढतो तुमचं पोस्टर.'

या शेवटच्या वाक्यावर शेकडो रिपोर्ट आले होते. सूरवेड्याची सगळी फौज तुटून पडली होती. त्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती. मला तर हसूच आलं.

पण त्याच्याही खाली एक कॉमेंट होती, तिथं मी थांबले. 'माझा गळा डॉक्टरनं कापून नेला. मला विचारून नेला असता तर दिला नसता. हिनं चांगला गळा आपणहून दिला, आन तुमी टाळ्या वाजवायलात.'

बॉटला गळा नसतो.

मी खात्यातले जुने व्हिडिओ उघडले. दोन वर्षांची गाणी होती. पहिल्या वर्षी मधोमध बसून एक उंच बाई गायची. असा मोकळा आवाज मी रेडिओवरही क्वचित ऐकलाय. दुसऱ्या वर्षीच्या व्हिडिओत तीच बाई एका कडेला बसलेली, गळ्याभोवती रुमाल, हातात टाळ. गात नव्हती. पण कुणी ताल सोडला की टाळ आपटायची, की सगळ्या थांबून पहिल्यापासून घ्यायच्या. व्हिडिओ संपता संपता हमखास कुणीतरी म्हणायचं, "चला, आता सिरीज लावा."

खातं बंद करणं म्हणजे नुसतं तोंड बंद करणं नाही. त्यातलं सगळं पुसलं जातं. त्या बाईचा आवाज बहुधा तिथंच उरला होता.

आता खात्यावर असा संशय आला की ॲप आपोआप एक नोटीस पाठवतं. आपण खरी व्यक्ती आहात हे सिद्ध करा, एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवा, चेहरा दाखवा, खात्याचं नाव बोला. या खात्यानं तीनदा व्हिडिओ पाठवला होता आणि यंत्रानं तीनदा परत केला होता. कारण एकच, 'एकापेक्षा जास्त चेहरे'. कुणा माणसानं तो उघडून पाहिलाच नव्हता. मी तिसरा उघडला.

एका हॉलमध्ये सतरंजीवर सहा बायका दाटीनं बसलेल्या. सातवी, सुनंदा नावाची, हात लांब करून फोन धरून उभी.

"सुनंदा, नीट धर की. माझं अर्धंच तोंड यायलंय."

"अर्धं यायलंय त्येच बरं हाय, अक्का."

"दात काढू नकोस. एकटीनंच बोला म्हणायलंय त्ये."

"मग मी बोलते. फोन माझा हाय."

"फोन तुझा, आन गाणं कुणाचं? खातं सगळ्यांचं हाय!"

"माणूस हायसा का म्हणून विचारायलंय?" सगळ्यांत म्हातारी बाई पुढं सरकली. "आगं, ह्याला डोळे न्हाईत व्हय?"

तेवढ्यात त्या रुमालवाल्या बाईनं म्हातारीला कोपरानं मागं सारलं आणि एक वही कॅमेऱ्यासमोर धरली. ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'आम्ही सात जणी आहोत. सातही खऱ्या.' खाली सही, शांताबाई. मागून कुणीतरी म्हणालं, "शांताक्का, वही उलटी तर न्हाई ना धरली?" आणि मिनिट संपलं.

दुपारचे दोन वाजले होते. मी सरांना फोन लावला.

"सर, बॉट नाही. सात बायका आहेत. भजन झालं की एकाच फोनवर मिळून सिरीज बघतात आणि आळीपाळीनं लिहितात."

"मग तर आणखी वाईट! एका खात्यावर एक माणूस, असा नियम आहे. आणि ते पोस्टरवाले क्लायंट आधीच चिडलेत. आमच्या पोस्टरची चेष्टा चालली आहे म्हणतात."

"चेष्टा नियमात बसते, सर."

"सात माणसं बसत नाहीत."

हे खरं होतं. मी फोन ठेवला आणि नियमांची फाईल उघडली. सगळी इंग्रजीत. मी इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलेली बाई. त्यामुळं कुठलाही कागद शेवटच्या पानापर्यंत वाचायची मला सवय आहे. लहानपणापासून इंग्रजी येणारे लोक पहिलं पान वाचून सही करतात. तर शेवटून तिसऱ्या पानावर मला 'बँड' सापडला. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या गटाला एक खातं चालतं. अटी दोन. गटातर्फे एक जबाबदार व्यक्ती हवी, तिला फॉर्मात 'लीड सिंगर' म्हटलं होतं. आणि प्रत्येक कॉमेंटखाली लिहिणाऱ्याचं नाव.

मी पुन्हा फोन लावला.

"भजनी मंडळ म्हणजे बँड?" सर मोठ्यानं हसले.

"गाणाऱ्या आहेत, पेटी आहे, तबला आहे, टाळ आहेत. आपल्या यादीतल्या एका बँडमध्ये नुसती दोन पोरं आणि एक गिटार आहे."

सरांनी ती यादी उघडून बघितली. मग म्हणाले, "सहापर्यंत फॉर्म आला तर बघू. पण तू लिहून दे. उद्या काही निघालं तर जबाबदारी तुझी."

"देते."

फॉर्म इंग्रजीत होता. तो तसाच पाठवला असता तर सहा काय, सहा महिन्यांतही भरून आला नसता. नियमाप्रमाणं आम्ही स्वतःहून कुणाला फोन करू शकत नाही, पण फॉर्मासोबत सूचना जोडता येते. मी साध्या मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलं, कुठल्या रकान्यात काय भरायचं, आणि शेवटी, 'व्हिडिओत फक्त लीड सिंगरनं बसावं. बाकीच्यांनी कृपया खोलीबाहेर थांबावं.'

चार वाजले. पाच वाजले. मी रांगेतल्या दुसऱ्या तक्रारी उरकत होते, पण डोळा स्क्रीनवरच्या त्याच खात्यावर. सर सहाला स्वतःच बटण दाबतील, हे मला माहीत होतं.

सहाला वीस मिनिटं कमी असताना फॉर्म आला. सात नावं. लीड सिंगरच्या रकान्यात शांताबाई. व्हिडिओत त्या एकट्या, वही घेऊन. दाराबाहेरून सहा जणींचा आवाज येत होता, पण चेहरा एकच होता.

सरांनी पाहिलं. "ही तर बोलतसुद्धा नाही. ही लीड सिंगर?"

"बाकीच्या चुकल्या की हीच थांबवते, सर. आणि नियमात 'जबाबदार व्यक्ती' आहे. गळा असं कुठं लिहिलेलं नाही."

"तू वकील व्हायला हवी होतीस," ते म्हणाले आणि मंजुरी दिली.

खातं वाचलं, गाणी वाचली. पोस्टर काही बदललं नाही, आणि शेवटच्या भागापर्यंत त्या नायिकेनं गवसणीही काढली नाही. आमच्या कामानं सिरीज सुधारत नसतात. अक्कन बळगच्या कॉमेंटखाली मात्र आता नावं यायला लागली. त्यामुळं घर सावरलं म्हणणारी कोण आणि कामून म्हणणारी कोण, हे सगळ्या गावाला कळलं, आणि त्यांचं आपसातलं भांडण जोरात सुरू झालं. पुढच्याच आठवड्यात सूरवेड्याचा रिपोर्ट आला, 'पूर्वी एक बाई त्रास द्यायची, आता सात जणी देतात.' मी तो फेटाळला.

आता टीममध्ये नवीन कुणी आलं की त्याला मी एवढंच सांगते, रिपोर्ट मोजू नका, वाचा. शंभर जणांनी एकच वाक्य लिहिलं तर यंत्राला ते शंभर खरे वाटतात. सात बायकांनी सात मतं मांडली की त्याला त्यातली एकही खरी वाटत नाही. यंत्राला मी दोष देत नाही. त्यानं बायका एकत्र बसून सिरीज बघताना कधी पाहिल्याच नव्हत्या.