गुलब्याचा केक

पलूसमध्ये लहान मुलाचा वाढदिवस जवळ आला, की आधी संयोगिताला फोन जातो आणि मग पाहुण्यांना. माहेरी-सासरी दोन्हीकडे ऊस, नवरा फौजेत, आणि बाई स्वयंपाकघरात केकचे वाघ, पऱ्या, राक्षस करत बसलेली. सासूबाईंना सुरुवातीला ही भातुकली वाटायची. आता त्या स्वतःच दारात आलेल्या गिऱ्हाइकाला, फोटो मोबाईलवर पाठवा, म्हणून सांगतात.

हात चांगलाच आहे तिचा. खोड एकच. पाठवलेल्या फोटोवर तिचं समाधान होत नाही. आपल्या मनाचं काहीतरी घातल्याशिवाय केक हातातून सुटत नाही. कुंडलच्या एका पोराच्या मोटारीला तिने लिंबू-मिरची बांधली, एका राक्षसाला बोरमाळ घातली. लोक हसले, फोटो काढले, आणि खोड आणखी पक्की झाली.

आटपाडीकडचा सूरज पिकअप घेऊन पलूसला यायचा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. आता थोडी मेंढरं, थोडी डाळिंबं आणि ही गाडी. त्याच्या मल्हारला सहा वर्षं पुरी होणार होती आणि त्याला केकवर कार्टून नको होतं, गुलब्या पाहिजे होता. गुलब्या म्हणजे त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलेला मेंढा. गाडी घेताना सूरजने तो बाजारात विकला, तेव्हापासून पोरगं बापाशी धड बोलत नव्हतं. केक बघून तरी ते बोलावं, एवढंच सूरजला हवं होतं. मेंढ्याचा फोटो पाठवताना त्याने हे सगळं संयोगिताला सांगून टाकलं.

तिला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं, की ती जास्तच कामाला लागते. चॉकलेटच्या क्रीमची काळी लोकर तिने कुरळी कुरळी काढली, साखरेची वळलेली शिंगं बसवली. फक्त कपाळ तिला मोकळं मोकळं वाटायला लागलं. पिवळा रंग घरात होता, पण तो फिका दिसला. मग देवघरातल्या पुडीतला चिमूटभर भंडारा घेऊन तिने गुलब्याच्या कपाळी लावला. आता कुठे मेंढा धनगराचा वाटतो, असं ती सासूबाईंना म्हणालीसुद्धा.

वाटेतल्या खड्ड्यांवर तिचा विश्वास नव्हता, म्हणून केक मांडीवर घेऊन ती स्वतःच सूरजच्या गाडीतून गेली. अंगणात घोंगडं अंथरलं होतं, गावातली पोरं जमली होती. खोका उघडला तसा मल्हार बापाकडे वळला आणि म्हणाला, "आपला गुलब्या." किती दिवसांनी पोरगं आपणहून बोललं होतं. सूरजचा चेहरा असा खुलला, की संयोगिताचेच डोळे भरून आले.

मल्हारने सुरी उचलली, तेवढ्यात सूरजची आई, बनाबाई, पुढे आली. तिने मेंढ्याच्या कपाळाला बोट लावलं आणि नाकाशी नेलं.

"ह्यो रंग हाय का भंडारा?"

खरा भंडारा आहे, देवघरातला, असं संयोगिताने मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"मग ह्याच्यावर सुरी चालायची न्हाई."

त्या घरची रीतच तशी. भंडारा लागलेला मेंढा बिरोबाचा. तो कापायचा नाही, विकायचा नाही, मरेपर्यंत कळपात हिंडायचा. सूरज म्हणाला, अगं केक आहे तो, पुसून टाकू. संयोगिताही वरचं क्रीम खरवडून द्यायला तयार झाली. पण लावलेला भंडारा पुसत नसतात, यावर म्हातारी ठाम. मल्हारचा ओठ थरथरायला लागला. संयोगिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकराचा सण आपल्या हौसेनं घालवला, या विचारानं तिला वर बघवेना.

म्हातारीने नातवाच्या हातातली सुरी काढून घेतली आणि चमचा दिला.

"कापायचा न्हाई म्हटलं मी. कातराय कोन नगं म्हनतंय?"

देवाच्या मेंढ्याचीही लोकर वेळच्या वेळी उतरवावीच लागते. पोरं चमचे घेऊन तुटून पडली. गुलब्या पाठीवरून, पोटावरून कातरला जाऊ लागला, पोरांना काळ्या मिशा उगवल्या, आणि संयोगिताचा जीव भांड्यात पडला. म्हातारीने पहिला घास तिलाच भरवला.

लोकर संपली. कपाळावर भंडारा घेऊन उघडा मेंढा पाटावर उभा राहिला. बाकीची पोरं पांगली, मल्हार मात्र तिथेच बसून होता.

"भंडारा लावला की इकत न्हाईत?" त्याने विचारलं.

"न्हाई," बनाबाई म्हणाली.

आता हा बापाकडे बघणार, म्हणून सूरजने मान खाली घातली. पण मल्हार आजीकडेच बघत होता.

"मग आज्जे, गुलब्याला तू का न्हाई लावलास?"

इतका वेळ प्रत्येकाला उत्तर देणारी बनाबाई चमचे गोळा करायला लागली.