उरलेली जागा बघणारे नाना

नानांनी कधी पेला काठोकाठ भरला नाही. चहा ओतण्याआधी पेल्यात डोकावून बघायचं, मग ओतायचं आणि वर बोटभर जागा सोडायची. धुळ्यातल्या आमच्या छोट्या कारखान्यात शेतपंपांचे कंट्रोलर बनायचे. त्यांच्या प्रोग्रामची सगळी भिस्त नानांवर. मी नवी होते. मला तो निव्वळ कंजूषपणा वाटायचा.

पंप सुरू झाला की शेतकऱ्याला मेसेज जाई. नाव, गाव, मळा आणि निरोप असे तुकडे जोडून तो तयार व्हायचा. हे प्रोग्राम ज्या सी भाषेत लिहायचे, तिचा स्वभाव असा, की जोड म्हटलं की ती जोडते. मावतंय का, हे विचारत नाही. मेसेजचा भाग मी लिहिला, आणि मीही विचारलं नाही. चाळीस अक्षरांची जागा ठेवली, 'राम पाटील' घालून पाहिलं आणि खूश झाले.

चोपड्याच्या एका आबांनी मात्र आपलं, वडिलांचं, आजोबांचं अशी सगळी नावं लिहून वर 'नाल्याकाठचा जुना मळा' असंही नोंदवलं. जादा अक्षरं सांडली ती शेजारच्या जागेत, जिथे पंप लावायची वेळ ठेवली होती. आबा यंत्रावर विसंबून लग्नाला गेलेले. भर मे महिन्यात तीन दिवस पंप लागला नाही आणि केळीनं माना टाकल्या.

माझी नोकरी गेल्यातच जमा होती. पण नाना मालकांना म्हणाले, "तपासून सही मी केली होती." मग मला घेऊन थेट चोपडा गाठलं. आबा तडकलेच, "मनं नाव लांब शे, त्यामां मना काय गुन्हा?"

नानांनी हात जोडले. "तुमना काहीच नही, आबा. गुन्हा आमना शे."

त्यांनी पंप हातानं लावला आणि शेवटच्या ओळीला पाणी पोचेस्तोवर बांधावर बसून राहिले. मी रडत होते. ते हळूच म्हणाले, "बेटा, जोडण्याआधी किती जागा उरली ते बघावं. शेवटचं घर शून्याचं. ते कोणाला द्यायचं नाही, नाहीतर मजकूर कुठे संपला हे यंत्राला कळणार कसं? नाही मावलं तर कापावं. पण कापलं, हे सांगावं. गुपचूप कापणं म्हणजे खोटं बोलणं."

बरीचशी बाग सावरली. मीही सावरले, ती नानांमुळे.

गेल्या महिन्यात नाना निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी कागदावरून एकेकाचे आभार मानत ते माझ्यापर्यंत आले. "आणि ही माझी..." एवढं म्हणून थांबले. पाणी प्याले. कागदाची घडी घातली.

"पुढचं मावत नाही," नाना म्हणाले. "कापलंय, एवढं सांगून ठेवतो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता आल्या नाहीत.